फरशीला चिकटवलेलं जुनं व्हिनाईल कसं काढायचं

जुन्या इमारतींमधल्या फ्लॅटमध्ये मोझॅकच्या फरशीवर व्हिनाईल चिकटवलेलं सर्रास दिसतं. कुणी त्याला पीव्हीसी कार्पेट म्हणतं, कुणी लिनोलियम, कुणी नुसतंच ‘प्लास्टिक’. काही वर्षांनी कडा उचलतात, बेसिनखाली फुगे येतात, मोरीच्या दाराशी काळपट वास सुटतो आणि एका रविवारी ते ओढून काढायचं ठरतं. वरचा पापुद्रा निघतोही पटापट. मग खाली उरतो पिवळट, चिकट थर. त्यावर चप्पल ठेवली की पाय पुढे जातो आणि चप्पल तिथेच राहते.

वेळेचा हिशेब करायचा तर पाव भाग व्हिनाईल काढण्यात जातो आणि पाऊण भाग गम काढण्यात. तो गम कसा काढायचा, हे व्हिनाईल कोणतं आहे यावर फारसं ठरत नाही. गम कोणता आणि खालची फरशी कोणती, यावर ते ठरतं. हे न बघता हात घातला की फरशी कायमची खराब होते, आणि बहुतेक वेळा त्याला कारण अ‍ॅसिड असतं. त्याबद्दल पुढे सविस्तर.

खालचे आकडे १० बाय १२ फुटांची, म्हणजे १२० चौरस फुटांची (साधारण ११ चौरस मीटर) खोली धरून दिले आहेत. दोन माणसं असतील तर अशा खोलीला दोन पूर्ण दिवस धरा. एकट्याने करायचं असेल तर एका वेळी अर्धीच खोली घ्या.

१. आधी एक कोपरा उचलून बघा

दारामागचा किंवा कपाटाखालचा, सहसा नजरेस न पडणारा कोपरा निवडा. कटरने तळहाताएवढा चौकोन कापा, पटाशीने उचला आणि तीन गोष्टी बघा.

वर काय आहे? दोन मीटर रुंदीच्या रोलमधून टाकलेली सलग शीट, लांब पट्ट्या किंवा चौकोनी टाइल, यांपैकी एक असेल. शीट उलटी करून पाठ बघा. पाठ वरच्या बाजूसारखीच गुळगुळीत असेल तर काम सोपं आहे. पाठीला फोम किंवा नमद्यासारखा थर असेल तर वरचा पापुद्रा निघेल आणि तो थर फरशीलाच चिकटून राहील.

मधे काय आहे? गम पिवळट-तपकिरी असून बोटाने ओढल्यावर त्याला तारा सुटत असतील, तर तो सिंथेटिक रबरचा गम. फेविकॉल एसआर याच जातीचा, आणि आपल्याकडे बहुतेक कारागिरांनी हाच वापरलेला असतो. गम पांढरट किंवा पारदर्शक असेल आणि ओलं फडकं दहा मिनिटं ठेवल्यावर दुधाळ होऊन मऊ पडत असेल, तर तो पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक गम. तुमचं नशीब चांगलं. काळा, डांबरासारखा असेल तर पुढचा मुद्दा वाचेपर्यंत काही खरवडू नका.

खाली काय आहे? मोझॅक, शहाबादी, कोटा, संगमरवर, व्हिट्रिफाइड किंवा नुसता सिमेंटचा कोबा. ओळखता येत नसेल तर मोरीत किंवा गॅलरीत बघा. तिथली फरशी उघडी असते आणि बऱ्याचदा घरभर तीच असते.

त्याच चौकोनावर पुढचे सगळे प्रयोग करा: गरम पाणी, उष्णता आणि शेवटी टर्पेंटाईन. ज्याने गम सुटतो आणि फरशीचा रंग बदलत नाही, ती तुमची पद्धत. या अर्ध्या तासावर पुढचे दोन दिवस अवलंबून आहेत.

२. अ‍ॅस्बेस्टॉसची शंका असेल तर थांबा

जुन्या, कडक, वाकवताच तुटणाऱ्या चौकोनी टाइलमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे श्वासातून आत गेल्यास फुफ्फुसांना घातक ठरणारे खनिज तंतू. हा फक्त परदेशातला प्रश्न नाही. पीव्हीसी-अ‍ॅस्बेस्टॉस टाइलसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३४६१. म्हणजे जुन्या कचेऱ्या, वसाहती आणि सरकारी निवासांमध्ये अशी टाइल निघणं अगदी शक्य आहे. काळा डांबरी गमही त्याच काळातला असू शकतो आणि त्यातही ते तंतू सापडतात.

अमेरिकेत जुनं घर घेतलेल्या मराठी मंडळींनी ९ बाय ९ इंचांची टाइल आणि खाली काळा गम दिसला, की ते अ‍ॅस्बेस्टॉसच आहे असं धरून चालावं आणि नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. १९८०च्या दशकापर्यंतच्या काही व्हिनाईल शीटच्या पाठीमागच्या कागदी थरातही ते असे, आणि तो थर टाइलपेक्षा जास्त सहज भुगा होतो. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ साली आली, त्यामुळे त्याआधीच्या घरांत हीच काळजी घ्या.

अशी टाइल अखंड असेपर्यंत त्रास देत नाही. ती फोडली, कोरडी खरवडली, ग्राइंडर लावला किंवा घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने तिचा भुगा ओढला की तंतू हवेत जातात. टाइल घट्ट बसलेली असेल तर तिच्यावरच नवं फ्लोअरिंग टाकणं हा सर्वात शहाणपणाचा मार्ग. उखडलेली असेल तर हे काम जाणणाऱ्या माणसांना बोलवा. या लेखातली पुढची पद्धत अशा टाइलसाठी नाही.

३. कागद आणि परवानग्या

भाड्याचं घर असेल तर लीव्ह अँड लायसन्स करारातलं दुरुस्तीचं कलम आधी वाचा आणि मालकाची परवानगी लेखी घ्या. निदान मेसेजवर तरी. काही मालकांनी खालची फुटकी फरशी झाकायलाच व्हिनाईल टाकलेलं असतं. ते तुम्ही काढलंत की ती फूट तुमच्या नावावर लागते आणि डिपॉझिटमधून कापली जाते. म्हणून जवळ ठेवा:

– कराराची प्रत आणि मालकाचा होकार
– काम सुरू करण्याआधीचे, तारखेसह फोटो. कोपरा उचलल्यावर दिसलेल्या फरशीचेसुद्धा
– सोसायटीच्या सेक्रेटरींना दिलेल्या अर्जाची पोच
– कामगार लावणार असाल तर त्यांच्या ओळखपत्राच्या प्रती, कारण वॉचमन गेटवर मागतोच

अर्जात ‘फरशी फोडणार नाही, फक्त वरचं व्हिनाईल काढणार आहे’ हे वाक्य आवर्जून लिहा. फरशी फोडायची म्हटलं की समिती वॉटरप्रूफिंगची चौकशी सुरू करते. दुपारी आवाज करायला मनाई असेल तर ठोकाठोकीचं काम सकाळी उरका.

४. सामान

– १८ मिलिमीटर पात्याचा कटर आणि पात्यांचं एक पाकीट
– ४ इंची लोखंडी स्क्रॅपर दोन, शिवाय लांब दांड्याचा एक मिळाला तर उत्तम. पाठीचं निम्मं दुखणं वाचतं
– जुनी, रुंद पटाशी आणि हातोडी
– हीट गन (भाड्यानेही मिळते) किंवा जुनी इस्त्री आणि टाकाऊ टॉवेल
– भांड्यांचा साबण, दोन बादल्या, मोठा स्पंज, नायलॉनचे हिरवे स्क्रबर
– मिनरल टर्पेंटाईन: आधी १ लिटर आणा, चाचणी जमली तरच आणखी ३ ते ४ लिटर
– रंगाच्या दुकानात मिळणारी चॉक पावडर, ३ किलो
– जाड प्लास्टिकचा कागद, सुती चिंध्या, झाकणाचा पत्र्याचा डबा
– नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, धुळीसाठी एन-९५ मास्क, वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क
– गुडघ्याखाली घ्यायला जुनी उशी
– रिकाम्या गोण्या, सात-आठ

नेहमीचे रबरी हातमोजे टर्पेंटाईनमध्ये फुगतात आणि फाटतात, म्हणून नायट्राइल सांगितलं आहे. एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. तो लावून थिनरवर वाकून बसणारे बरेच असतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात.

कानस असेल तर स्क्रॅपरचे दोन्ही टोकदार कोपरे घासून गोल करून घ्या. मोझॅक आणि संगमरवरावर चरे उठतात ते पात्याच्या धारेने नाही, या कोपऱ्यांनी.

५. खोली मोकळी करा

सामान पूर्ण बाहेर काढा. अर्ध्या खोलीत सरकवून काम करणं म्हणजे तेच काम दोनदा करणं. दारातली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि भिंतीलगतचं बीडिंग आधी उघडा. स्क्रू एका डब्यात ठेवा.

स्वयंपाकघर असेल तर रेग्युलेटर बंद करून सिलिंडर बाहेर काढा. टर्पेंटाईन वापरायच्या दिवशी फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद, गॅस गीझर बंद, आणि देवघरातला दिवा व उदबत्तीसुद्धा विझवलेली. टर्पेंटाईन, थिनर अशा द्रावकांची (गम विरघळवणाऱ्या पातळ रसायनांची) वाफ हवेपेक्षा जड असते. ती फरशीलगत पसरत शेजारच्या खोलीपर्यंत जाते आणि तिथल्या ठिणगीने पेट घेऊ शकते. देवघर जमिनीलगत असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

लहान मुलं, गरोदर स्त्री आणि दम्याचे रुग्ण त्या दिवशी घरात नकोत.

६. व्हिनाईल काढा

शक्यतो दुपारी सुरुवात करा. उन्हाने तापलेल्या फरशीवरचा गम मऊ असतो. पुण्या-नाशिककडे डिसेंबरच्या सकाळी हेच काम दीडपट वेळ घेतं.

सलग शीट असेल तर तिचे ६ ते ८ इंच रुंदीचे पट्टे कापा. कटरचं पातं जेमतेम २ मिलिमीटर बाहेर ठेवा, कारण शीट साधारण १ ते २ मिलिमीटर जाडीची असते. पातं जास्त बाहेर असलं तर खालच्या फरशीवर ओरखडे पडतात. पातं बोथट झालं की पुढचा तुकडा मोडा. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की हात घसरतो. मोडलेले तुकडे डबीत टाका, केरात नको.

अख्खी शीट एकदम ओढायचा मोह होतो. दोन-तीन फूट छान निघते, मग फाटते, आणि मधेच फाटलेली शीट पुन्हा पकडायला कड उरत नाही.

पट्ट्याचं टोक पटाशीने सोडवा, दोन्ही हातांनी धरा आणि वर न उचलता मागे, जमिनीला समांतर, स्वतःवरच दुमडत ओढा. सरळ वर ओढलं की एक तर पट्टा तुटतो, नाही तर पोकळ झालेली फरशी पट्ट्याबरोबर उचलून येते. दुसऱ्या माणसाने सुटणाऱ्या रेषेत स्क्रॅपर घालत राहावं, जमिनीशी २० ते ३० अंशांच्या कोनात. निघालेला पट्टा चिकट बाजू आत ठेवून लगेच गुंडाळा. उलटा पडलेला पट्टा पायाला चिकटतो आणि मग खोलीभर फिरतो.

जिथे हटत नाही तिथे उष्णता द्या. हीट गन सर्वात कमी तापमानावर ठेवा, पृष्ठभागापासून ४ ते ६ इंच दूर धरा आणि सतत हलवत राहा. हाताला चटका बसेल इतकंच व्हिनाईल तापायला हवं. १०-१५ सेकंदांत ते लवचिक होतं. धूर दिसला किंवा नाकात झोंबणारा वास आला तर फार तापलंय. जास्त तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि तो घशाला व डोळ्यांना जाळतो. खिडक्या उघड्या हव्यातच. एकाच जागी गन धरून ठेवली तर पातळ टाइल तडकतेही.

हीट गन २००० वॅटची असेल तर २३० व्होल्टवर ती सुमारे ८.७ अँपिअर खेचते. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ती लावू नका. वॉशिंग मशीनच्या किंवा एसीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा. बारीक वायरचं एक्स्टेन्शन बोर्डही चालणार नाही.

चौकोनी टाइल किंवा लांब पट्ट्यांना इस्त्री चांगली लागू पडते. वर ओला करून पिळलेला टॉवेल घाला, इस्त्री अर्धा-एक मिनिट फिरवा, लगेच कडेने पटाशी घाला. एक सैल झाली की दुसरा माणूस ती उचलतो आणि पहिला पुढची तापवतो. ही जोडी जमली की काम भराभर पुढे सरकतं. इस्त्री मात्र पुन्हा कपड्यांसाठी वापरायची आशा सोडा.

७. पाठीचा थर राहिला तर

फोम किंवा नमद्याचा थर फरशीला चिकटून राहिला असेल तर तो कोरडा खरवडू नका. भुगा उडतो आणि काम पुढे सरकत नाही. (शीट खूप जुनी असेल तर मुद्दा २ पुन्हा वाचा.) बादलीभर गरम पाण्यात दोन-तीन चमचे भांड्यांचा साबण घाला. त्यात भिजवून हलक्या पिळलेल्या चिंध्या थरावर पसरा, वर प्लास्टिक झाका आणि २०-३० मिनिटं तसंच ठेवा. मग थर ओल्या कागदासारखा लगद्याने निघतो. चार-चार फुटांचे तुकडे घ्या: एक भिजत असताना दुसरा खरवडायचा.

फरशीवर पाणी ओतू मात्र नका. जुन्या इमारतीत मोझॅकच्या सांध्यांतून पाणी झिरपतं आणि संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका छताचा ओला डाग दाखवायला वर येतात.

८. गम: खरं काम

क्रम नेहमी हा ठेवा: आधी खरवडणं, मग पाणी, मग उष्णता, सगळ्यात शेवटी द्रावक. पहिल्यांदाच टर्पेंटाईन ओतलं तर जाड गम पातळ होतो, मोझॅकच्या छिद्रांत उतरतो आणि तिथे त्याचा पिवळा नकाशा कायम राहतो.

*अ‍ॅक्रिलिक गम.* गरम साबणपाण्याच्या चिंध्या, प्लास्टिक, अर्धा तास, स्क्रॅपर. मग हिरवा स्क्रबर आणि स्वच्छ पाणी. द्रावकाची गरज बहुधा पडत नाही.

*सिंथेटिक रबरचा गम.* पाण्याने काही होणार नाही. आधी त्यावर चॉक पावडर भुरभुरवा आणि मग खरवडा. पावडरीमुळे गम पात्याला चिकटत नाही, वळ्या होऊन निघतो. जाड थर असा निम्म्याहून जास्त जातो, तोही वासाशिवाय आणि आगीच्या भीतीशिवाय. उरलेल्यावर हीट गन फिरवून लगेच स्क्रॅपर. पातं दर दोन-तीन घासांनी चिंधीला पुसा.

एवढं करून जो पातळ, चिकट थर राहील त्यालाच टर्पेंटाईन. इथून पुढे हीट गन आणि इस्त्री यांचे प्लग काढून त्या दुसऱ्या खोलीत ठेवा. द्रावक आणि उष्णता एकाच दिवशी एकाच खोलीत नको. आधी सगळी गरम कामं संपवा, द्रावक दुसऱ्या दिवशी. मिनरल टर्पेंटाईनची वाफ साधारण ३० ते ४० अंशांना पेट घेण्याजोगी होते, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे एवढं तापमान दुपारी घरातच असतं. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. टोल्युईनचा थिनर तर कडाक्याच्या थंडीतही पेटतो. पेट्रोल कोणत्याही ऋतूत नाही, ‘थोडंसंच’ म्हणूनही नाही.

दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या. चिंधी टर्पेंटाईनमध्ये भिजवून पसरा, प्लास्टिकने झाका, १५-२० मिनिटं थांबा. गम जेलीसारखा झाला की प्लास्टिकच्या किंवा गोल कोपऱ्यांच्या स्क्रॅपरने एका दिशेला ओढा. मागे राहिलेली ओल लगेच कोऱ्या चिंधीने टिपा. मळक्या चिंधीने पुसणं म्हणजे गम पुन्हा पसरवणं. मग साबणपाण्याने धुऊन कोरडं करा आणि पुढचा तुकडा घ्या.

हाताला लागलेला गम टर्पेंटाईनने धुऊ नका. गोडंतेल चोळा, पुसा, मग साबण लावा.

वापरलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकून झोपू नका. त्या गॅलरीत, सावलीत सुट्या पसरून वाळवा, किंवा पाणी घातलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा.

फरशीनुसार काय टाळायचं

मोझॅकच्या टाइलमध्ये सिमेंट आणि संगमरवराची चीप असते. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. या सगळ्यांवर बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड पडलं की फेस येतो, आणि तो फेस म्हणजे फरशी विरघळत असते. चकाकी जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो, नंतर प्रत्येक चहाचा डाग आत मुरतो. गंमत अशी की रबराच्या गमवर अ‍ॅसिडचा काहीच परिणाम होत नाही. तरीही काम लवकर आटपायला अ‍ॅसिडची बाटली घेऊन येणारे कामगार भेटतात. ‘साब, अभी चमका देता हूँ’ ऐकू आलं की आधी बाटली हातातून घ्या.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी किंवा द्रावक शोषत नाही, त्यामुळे तिच्यावर काम सर्वात सोपं. थोडा थिनरही चालतो. गम अडकतो तो सांध्यांत. तिथलं ग्राउट (सांध्यांत भरलेला मसाला) खरवडून काढून नवं भरणं हे गम टिपत बसण्यापेक्षा लवकर होतं. संगमरवरावर लोखंडी पातं नको, फक्त प्लास्टिकचं. सिमेंटच्या कोब्यावर थोडा गम राहिला तरी तो पुढच्या थराखाली जाणार असेल, तर जीव काढू नका.

तारेची घासणी कोणत्याच दगडी फरशीवर नको. तिचे बारीक तुकडे छिद्रांत राहतात, गंजतात, आणि महिन्याभरात तपकिरी ठिपके दिसू लागतात.

९. मुरलेले डाग

गम निघाल्यावरही टाइलमध्ये पिवळट छटा राहिली तर लेप लावा. चॉक पावडरीत टर्पेंटाईन घालून इडलीच्या पिठाएवढं दाट करा, डागावर पाव इंच जाड थापा, प्लास्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिक काढा, लेप पूर्ण वाळू द्या, मग झाडून घ्या. वाळताना पावडर डाग वर ओढून घेते. जुन्या डागाला दोन-तीनदा करावं लागतं. झोपायच्या खोलीत करणार असाल तर त्या रात्री दुसरीकडे झोपा.

१०. कचरा

दीड मिलिमीटर जाडीची भरीव शीट १२० चौरस फुटांत साधारण २३ किलो भरते. वर गम, पावडर आणि चिंध्या वेगळ्या. एका गोणीत ८-१० किलोपेक्षा जास्त भरू नका, जिन्यावरून उतरवताना कळेल का ते. गम लागलेलं व्हिनाईल भंगारवाला सहसा घेत नाही, पण विचारायला हरकत नाही. मुंबईत बांधकामाच्या राडारोड्यासाठी महापालिकेची ‘डेब्रिस ऑन कॉल’ सेवा आहे, मात्र व्हिनाईल त्या मालात मिसळू नका. वॉर्डातल्या घनकचरा विभागाला विचारून वेगळं द्या. टर्पेंटाईनच्या चिंध्या पूर्ण वाळल्यावरच टाका, आणि उरलेलं टर्पेंटाईन मोरीत ओतू नका, बाटलीत बंद करून ठेवा.

गच्चीवर किंवा मोकळ्या प्लॉटवर ढीग पेटवणं कायद्यानेही मना आहे. पीव्हीसी जळताना तोच हायड्रोजन क्लोराइड सुटतो, शिवाय डायॉक्सिन.

११. उघड्या फरशीचं काय?

लगेच काही टाकू नका. व्हिनाईलखाली वर्षानुवर्षं ओल कोंडलेली असते, तळमजल्यावर तर हमखास. पंखा लावून चार-पाच दिवस फरशी उघडी ठेवा, पावसाळ्यात जास्त. पांढरी भुकटी फुलून आली तर ते क्षार आहेत. कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतले तर पुन्हा आत जातात. मग १८ इंचांचा जाड प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून एक अख्खा दिवस ठेवा. खाली थेंब जमले किंवा फरशी गडद दिसली तर ओल अजून येतेय. तिच्यावर नवं व्हिनाईल चिकटवलंत तर दोन वर्षांत हाच लेख पुन्हा वाचावा लागेल.

रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइलवर टकटक करा. पोकळ वाजणारीवर खडूने खूण करा आणि पॉलिशच्या आधी ती पुन्हा बसवून घ्या. फुटलेल्या मोझॅकला जोडीची टाइल आज मिळणं कठीण. कपाटाखालची अखंड टाइल काढून दर्शनी जागी बसवायची आणि तिच्या जागी साधी टाकायची, ही जुनी युक्ती अजून चालते.

मोझॅक असेल तर मशीन पॉलिश करून घ्या. मशीनला लावायचे घासायचे दगड ६० नंबरपासून सुरू होऊन ८०, १२० करत ३२० पर्यंत जातात आणि शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड घासून चकाकी आणतात. हे अ‍ॅसिड मात्र चालतं. ते मोजक्या प्रमाणात आणि घासण्यापुरतं असतं. ‘गम राहू द्या, मशीनने निघेल’ असं पॉलिशवाला म्हणाला तर मान्य करू नका. घर्षणाने गम तापतो, दगडाच्या दातांत भरतो, दगड कापायचा थांबतो आणि तोच गम खोलीभर सारवला जातो. दर ठरवताना ‘किती नंबरचे दगड मारणार’ हे विचारून लिहून घ्या, आणि पहिला हात झाल्यावर, ओली फरशी वाळू देऊन, खिडकीकडे तोंड करून तिरपं बघा. गमचे राहिलेले ठिपके तेव्हाच दिसतात. दुसरा दगड लागण्याआधी ते प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढून घ्या.